अल्बम नेमका कुठे रखडतो?

लग्नाचा अल्बम हातात पडायच्या आत बारशाची ऑर्डर येते, असं फोटोग्राफर मंडळी आपापसांत चेष्टेनं म्हणतात. अतिशयोक्ती सोडली तरी मागे उरतं ते खरंच आहे. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात आणि मधले काही दिवस वगळता चातुर्मास लागेपर्यंत तारखा चालूच राहतात. एप्रिल-मे महिन्यांत तर एका तारखेला दोन-दोन ऑर्डरी. शूटिंग उरकतं, कार्डं रिकामी होतात, हार्ड डिस्क भरत जातात आणि एडिटिंग साचत जातं. मग पार्टीचे फोन सुरू होतात. आधी गोड आवाजात, मग नवरीच्या वडिलांच्या आवाजात.

अशा वेळी पहिला विचार येतो तो नव्या संगणकाचा. संगणक जुना असेल तर तो बदलावाच. पण हिशेब मांडून पाहिला तर वेळ खाणारी गोष्ट बहुधा वेगळीच निघते. एडिटिंगचा वेळ स्लायडर सरकवण्यात फार जात नाही. तो जातो ठरवण्यात: हा ठेवू की तो, एवढा उजेड पुरे की अजून थोडा, चेहरा पिवळा दिसतोय की हळदच तशी आहे. हे प्रश्न जितके कमी उठतील तितकं काम लवकर उरकतं, आणि त्यातले निम्मे प्रश्न मांडवातच मिटवता येतात.

रिळाच्या काळात हा घोळ नव्हता. एका रिळात ३६ फोटो. रीळ, धुलाई, प्रिंट असा दर क्लिकला खर्च, त्यामुळे निवड बटण दाबायच्या आधीच होऊन जायची. डिजिटलमध्ये क्लिक फुकट झाला. खर्च मात्र संपला नाही, तो संगणकासमोरच्या खुर्चीत जाऊन बसला.

किती मोठा खर्च? समजा, हळद आणि लग्न मिळून दोन दिवस, दोन कॅमेरे आणि ५००० फोटो. ठेवायचा की नाही हे ठरवायला दर फोटोला ३ सेकंद धरले तरी १५,००० सेकंद, म्हणजे चार तासांच्या वर. प्रत्येक फोटो पडद्यावर स्वच्छ दिसायला संगणक आणखी २ सेकंद घेत असेल, तर जवळजवळ पावणेतीन तास नुसते वाट पाहण्यात गेले. त्यातून ८०० फोटो निवडले आणि प्रत्येकावर २ मिनिटं घालवली तर साडेसव्वीस तासांच्या वर काम. तेच ८०० फोटो २० सेकंदांत एक या गतीनं झाले तर साडेचार तासांच्या आत हातावेगळे होतात. एका लग्नामागे बावीस तासांचा फरक. महिन्याला सहा लग्नं असतील तर गुणाकार ज्याचा त्यानं करावा.

आधी ते वाट पाहणं. रॉ फाइल उघडताना संगणक का अडखळतो हे कळलं की उपायही कळतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक बिंदू फक्त उजेड मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकेक गाळणी बसवलेली असते, आणि त्यातल्या निम्म्या हिरव्या असतात. ही रचना कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची. तिचं पेटंट १९७६चं, आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. म्हणजे रॉ फाइलमध्ये दर बिंदूला एकाच रंगाची नोंद असते, उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणित करून भरावे लागतात. रॉ म्हणजे निवडून, चिरून ठेवलेली भाजी. ती शिजवायचं काम दर वेळी संगणकाच्या गळ्यात. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत हे गणित दोन कोटी चाळीस लाख बिंदूंसाठी करायचं. त्याला २ सेकंद लागले तर संगणकाला दोष देता येत नाही.

गंमत अशी की हे गणित कॅमेऱ्यानं एकदा करून ठेवलेलं असतं. मागच्या पडद्यावर फोटो दाखवायचा तर त्याला तयार प्रतिमा लागतेच. ती जेपीईजी प्रतिमा तो रॉ फाइलच्या पोटातच ठेवून देतो. ‘फोटो मेकॅनिक’ हे सॉफ्टवेअर रॉ शिजवत बसत नाही, ही पोटातली प्रतिमा सरळ समोर धरतं. म्हणून त्यात फोटो बोटाच्या वेगानं पुढे सरकतात. क्रीडा आणि वृत्तछायाचित्रकारांनी ते उगाच डोक्यावर घेतलेलं नाही. ‘लाइटरूम क्लासिक’मध्येही २०१७पासून आयात करतानाच या अंगच्या प्रतिमा वापरायची सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये निवडावी लागते, आणि तिकडे कोणी फिरकत नाही. काही कॅमेऱ्यांत ही प्रतिमा लहान असते, तिच्यावरून डोळ्यातला फोकस नेमका तपासता येत नाही. तेव्हा रात्री झोपताना पूर्ण आकाराचे प्रीव्ह्यू बनवायला लावून द्यावेत. सकाळी ते तयार असतात.

अंगची प्रतिमा पाहताना एक भान ठेवावं. ती कॅमेऱ्यानं आपल्या अंदाजानं रंगवलेली असते. जेपीईजीत दर रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून तिथे जरा अंधारलेला दिसणारा, पण हावभाव सुरेख असलेला फोटो टाकून देऊ नये. रॉमध्ये तो बहुतेक वेळा सुखरूप असतो.

आता निवड. निवडताना ‘काय टाकायचं’ शोधायला गेलं की संपलं; ५००० फोटोंमध्ये ४२०० वेळा खंत करावी लागते. ‘काय ठेवायचं’ एवढंच पाहावं. लाइटरूममध्ये कॅप्स लॉक चालू ठेवून ‘पी’ दाबलं की फोटोला खूण होते आणि पुढचा आपोआप समोर येतो. तारे नकोत. एक तारा की तीन तारे, हा आणखी एक निर्णय झाला आणि त्यातून पुढे काही निष्पन्न होत नाही. निवड चालू असताना स्लायडरलाही हात लावायचा नाही. एखादा फोटो आवडला म्हणून तो तिथल्या तिथे रंगवायला घेतला की नजर निवडीवरून उठते आणि परत बसायला वेळ लागतो. गाणी लावून, एका बैठकीत, मागे न वळता, असं हे काम आहे.

जवळून पाहायचं तर अंतरपाट दूर होतो तो क्षण घ्या. मंगलाष्टकं संपता संपता फोटोग्राफर बटण दाबून धरतो. सेकंदाला १० फोटो या गतीनं चार सेकंदांत ४० फोटो निघतात. त्यातल्या पहिल्या दहात भटजींचा हात आणि कापडाची कड. मधल्या काहींत अक्षता थेट लेन्ससमोर आलेल्या, फोकस तांदळाच्या दाण्यावर आणि नवरा मागे धूसर. एकात मुंडावळ्यांच्या मोत्यांनी फोकस पळवलेला. मग एका फोटोत नवरी मान वर करते. त्या चाळिसांतून तीन ठेवावेत: कापड सुटताना, नजर मिळताना, हार घालताना. चौथा ठेवावासा वाटतो, कारण दोन फोटोंतला फरक इतका बारीक असतो की निवडवत नाही. अशा वेळी पहिला ठेवावा आणि पुढे जावं. त्या दोघांतला फरक अल्बम पाहणाऱ्या आत्याला कधीच कळणार नाही.

हल्ली ही निवड करून देणारी एआय सॉफ्टवेअर आली आहेत. ‘आफ्टरशूट’, ‘नॅरेटिव्ह’ ही त्यांतली ठळक नावं. एकसारख्या फोटोंचे गठ्ठे करणं, हललेले आणि डोळे मिटलेले फोटो बाजूला काढणं ही कामं ती झटपट करतात. पण आपल्या लग्नात डोळे मिटणं ही चूक असतेच असं नाही. कन्यादानाला नवरीची नजर खाली असते. गौरीहरापाशी ती डोळे मिटून बसलेली असते. निरोपाच्या वेळी आईचे डोळे मिटलेलेच असतात. नेमके हेच फोटो यंत्र ‘सदोष’ म्हणून बाजूला काढू शकतं. होमाच्या धुरानं फोटो फिकट झाला तरी त्याला तो पसंत पडत नाही. आणि पडद्याच्या कडेला जी म्हातारी बाई जरा हललेली दिसते आहे ती नवरीची आजी, हे कळायला त्याला काहीच मार्ग नाही. तेव्हा गठ्ठे करण्यापुरतं यंत्र जरूर वापरावं. गठ्ठ्यातला कोणता ठेवायचा ते माणसानं ठरवावं. आजी, मामा, करवली, परदेशाहून आलेली मावशी अशी महत्त्वाच्या माणसांची यादी पार्टीकडून आधीच घ्यावी. नंतर ‘काकांचा एकही फोटो नाही’ हा फोन येतो, तेव्हा दीडशे जीबीचा डेटा पुन्हा उपसावा लागतो.

दोन कॅमेऱ्यांची घड्याळं हा लहानसा, पण दर सीझनला छळणारा विषय आहे. साहाय्यकाचा कॅमेरा सात मिनिटं मागे असला की वेळेप्रमाणे लावलेल्या फोटोंत आधी अक्षता पडतात आणि मग अंतरपाट धरला जातो. सकाळी काम सुरू करताना सगळ्या कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढावा, सेकंद दिसतील असा. नंतर लाइटरूममध्ये त्या फोटोवरून फरक काढून साहाय्यकाच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते. कॉपी करतानाच फाइलींची नावं बदलून त्यांत तारीख आणि कॅमेऱ्याचं अक्षर घालावं, नाहीतर दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच क्रमांकाचा फोटो सापडतो आणि लॅबला भलताच जातो.

आता बावीस तासांच्या मुद्द्याकडे. लाइटरूमची पहिली आवृत्ती फेब्रुवारी २००७मध्ये आली. त्याआधी बहुतेकांचं काम फोटोशॉपमध्ये चालायचं, एकेक फोटो उघडा, सुधारा, सेव्ह करा. लाइटरूमनं कामाची रीतच बदलली. ते मूळ फोटोला हात लावत नाही. ‘उजेड एवढा वाढव, पिवळेपणा एवढा कमी कर’ अशा सूचना आकड्यांच्या रूपात आपल्या वहीत लिहून ठेवतं. सूचना आकड्यांच्या असल्यामुळे एका फोटोच्या सूचना दोनशे फोटोंना लावायला एक क्षण पुरतो. वेगाचं सगळं मर्म इथे आहे. पण अट एक: ते दोनशे फोटो एकाच उजेडात आणि एकाच एक्स्पोजरनं काढलेले हवेत. कॅमेरा ऑटोवर असला की ही अट मोडते.

कारण कॅमेऱ्याचा मीटर भोळा असतो. समोर जे येईल ते सरासरी राखाडी आहे असं तो धरून चालतो. चौकटीत नवऱ्याची गडद शेरवानी जास्त आली की तो फोटो उजळवतो, पांढरं धोतर-सोवळं जास्त आलं की अंधारवतो. त्याच मांडवात, त्याच उजेडात, एका मिनिटात काढलेले सहा फोटो सहा तऱ्हेचे निघतात. मग एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लागू पडत नाही आणि प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे हातात घ्यावा लागतो. २० सेकंदांची २ मिनिटं इथे होतात. हॉलमधला उजेड जर तासभर बदलणार नसेल तर एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवावं आणि व्हाइट बॅलन्सही एका केल्विनवर बांधून टाकावा. आकडा थोडा चुकला तरी हरकत नाही. सगळे फोटो सारखेच चुकले की एका फटक्यात सारखेच सुधारतात. उघड्या अंगणात ढग येत-जात असतील तिथे मॅन्युअलचा हट्ट धरू नये. आणि उजेड स्थिर असूनही कॅमेरा ऑटोवर राहून गेला असेल, तर त्या फोटोंसाठी लाइटरूममध्ये ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ नावाची आज्ञा आहे. फोटोसोबत नोंदलेली शटर, ॲपर्चर आणि आयएसओची माहिती वाचून ती निवडलेल्या सगळ्या फोटोंचा उजेड एका पातळीवर आणते. अंदाज बांधत नाही, गणित करते. इतकी कामाची आज्ञा मेनूत खोल दडवून ठेवली आहे, ही लाइटरूम बनवणाऱ्या ॲडोबीची करामत.

व्हाइट बॅलन्सची खरी परीक्षा हळदीला. पिवळा मंडप, पिवळ्या साड्या, झेंडूच्या माळा आणि मधोमध हळदीनं माखलेली दोन माणसं. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं की उजेडच पिवळा आहे. तो निळा रंग ओततो, हळद मळकट होते आणि न माखलेले चेहरे आजारी दिसतात. पुढच्या फोटोत कुणाची हिरवी साडी आली की पुन्हा वेगळा रंग. यावर स्वस्त आणि पक्का उपाय म्हणजे राखाडी कार्ड. हळद सुरू व्हायच्या आधी पाटापाशी ते धरून एक फोटो काढायचा, आणि घरी आल्यावर लाइटरूमचा ड्रॉपर त्याच्यावर टेकवायचा. कार्ड नसलं की मंडळी एखाद्या काकांच्या पांढऱ्या बनियनवर ड्रॉपर ठेवतात. ते बनियन मुळात पांढरं नसतं. त्याला नीळ दिलेली असते, शिवाय धुण्याच्या पावडरीतले चकाकी आणणारे घटक उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात. या निळसर कापडाला पांढरं मानलं की सॉफ्टवेअर सगळा फोटो पिवळ्याकडे ढकलतं, म्हणजे हळदीत आणखी हळद.

संध्याकाळच्या स्टेजवर दुखणं वेगळं असतं. रंगीत एलईडीचा जांभळा किंवा गुलाबी झोत चेहऱ्यावर आला तर त्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच. जे नोंदलंच गेलं नाही ते कोणताही स्लायडर परत आणू शकत नाही. तरीही लोक अशा फोटोंवर अर्धा अर्धा तास झटत बसतात. माझं मत स्पष्ट आहे: तिथे फोटो एक तर ब्लॅक अँड व्हाइट करावा, नाहीतर जांभळाच राहू द्यावा. डीजेसमोर नाचणारी माणसं जांभळी असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा त्रास फोटोवर आडव्या काळ्या पट्ट्या येण्याचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं तर दर फोटोत पूर्ण आवर्तनं पकडली जातात आणि पट्ट्या टळतात. मांडवात चाकाचे दोन खटके वाचवले तर घरी तास जातात, आणि त्या पट्ट्या पूर्णपणे जातही नाहीत.

इतकं झालं असेल तर एडिटिंग अगदी सोपं उरतं. निवडलेले ८०० फोटो उजेडाप्रमाणे वाटावेत: अंगणातली हळद, खिडकी आणि ट्यूबलाइट एकत्र असलेली मेकअपची खोली, गौरीहर, मुहूर्त, सप्तपदी, पंगत, रिसेप्शनचं स्टेज, वरात. बारा-पंधरा गट होतात. प्रत्येक गटातला एक फोटो नीट, वेळ घेऊन, मन लावून करावा. पाच मिनिटं लागली तरी चालतील. तो बाकीच्यांना लावावा आणि मग गटातून एक फेरी मारून फक्त क्रॉप आणि थोडाफार उजेड पाहावा. बाजारात मिळणारे प्रिसेट इथेच फसतात. ते परदेशी उजेडात, गोऱ्या कातडीवर बसवलेले असतात. गव्हाळ आणि सावळ्या चेहऱ्यांवर ते करडी किंवा नारिंगी झाक आणतात, आणि ती काढण्यातच प्रिसेटनं वाचवलेला वेळ खर्ची पडतो. आपल्याकडच्या हॉलमध्ये, आपल्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोंवरून स्वतःचे चार प्रिसेट केले तर ते वर्षानुवर्षं पुरतात. ‘इमॅजेन’सारखी एआय सॉफ्टवेअर हेच पुढच्या पायरीवर नेतात. आपले जुने एडिट केलेले हजारो फोटो वाचून ती आपली पद्धत शिकतात आणि नव्या लग्नावर ती चालवून पाहतात. जुनं काम धरसोडीचं असेल तर ती धरसोडही शिकतात, हे ओघानं आलंच.

त्वचा ‘स्मूद’ करून द्या, ही पार्टीची मागणी ठरलेली. २०२१पासून लाइटरूम माणूस आपोआप ओळखून निवडतं, आणि २०२२पासून चेहऱ्याची त्वचा, डोळे, दात वेगवेगळे. ही निवड एका फोटोवरून दुसऱ्यावर नेता येते, पण दर फोटोत चेहरा नव्यानं शोधावा लागत असल्यामुळे संगणक घामाघूम होतो. २०२३मध्ये आलेलं एआय डिनॉइज तर त्याहून जड. दोन्ही गोष्टी सगळ्यात शेवटी, अल्बममध्ये जाणाऱ्या फोटोंपुरत्याच आणि शक्यतो रात्री लावून द्याव्यात. प्रवासात किंवा साध्या लॅपटॉपवर काम करायचं असेल तर ‘स्मार्ट प्रीव्ह्यू’ हाताशी असावेत. लांब बाजूला २५६० बिंदूंच्या या हलक्या प्रतिमांवर रंगकाम करता येतं आणि मूळ हार्ड डिस्क घरी राहिली तरी अडत नाही.

यंत्रसामग्रीबद्दल थोडक्यातच सांगतो. चालू लग्नाचा डेटा आणि लाइटरूमचा कॅटलॉग एसएसडीवर असावा, जुनी लग्नं साध्या हार्ड डिस्कवर गेली तरी चालतात. कार्ड रीडर जुना यूएसबी २.० असेल तर १५० जीबी उतरवायला तासाच्या वर लागतो, चांगला असेल तर अर्ध्या तासाच्या आत. इतक्या कमी पैशात एवढा वेळ दुसरं काही वाचवत नाही. आणि डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केला. दुसरी प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

एवढं सगळं करून एडिटिंग चार दिवसांवर आलं, तरी अल्बम सहा महिने रखडू शकतो. कारण त्यापुढची पायरी फोटोग्राफरच्या हातात नसते. रूढ पद्धत अशी: सगळा डेटा पेन ड्राइव्हवर द्यायचा आणि ‘अल्बमसाठी दोनशे निवडून पाठवा’ म्हणायचं. नवदांपत्य हनिमूनहून येतं, नोकरीवर रुजू होतं, रविवारी दोन्ही घरची मंडळी एकत्र बसू म्हणतात आणि तो रविवार उगवत नाही. निवडायला सव्वाचार तास व्यावसायिकाला लागतात. घरच्यांना तर दर फोटोला गप्पा असतात. पाच हजार फोटो पार्टीच्या हाती देणं म्हणजे आपलं काम त्यांच्यावर ढकलणं, आणि ते करत नाहीत म्हणून वर कुरकुर करणं.

रांगांच्या गणितात एक साधा नियम आहे, जॉन लिट्ल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला. रांगेत किती कामं अडकलेली असतात? कामं येण्याचा वेग गुणिले प्रत्येक काम आत राहण्याचा काळ. महिन्याला सहा लग्नं आणि प्रत्येकाचा अल्बम सरासरी पाच महिन्यांनी जातो, तर कोणत्याही दिवशी तीस लग्नं डोक्यावर असतात. तीस पार्ट्यांचे फोन, तीस लग्नांचा डेटा हार्ड डिस्कवर आणि कोणाचं काय राहिलं याची तीस ठिकाणची आठवण. पाच महिन्यांचे दोन झाले की तिसाची बारा होतात. एकही जास्तीचा फोटो एडिट न करता.

तेव्हा पार्टीला अल्बमची निवड करायला लावण्याऐवजी, आपणच फोटो निवडून शीटं लावून दाखवावीत आणि ‘बदल सांगा’ म्हणावं. कोऱ्या कागदापुढे माणूस अडतो. समोर काही असलं की ‘हा नको, तो घ्या’ लगेच सुचतं. करेक्शनच्या दोन फेऱ्या आणि त्यांची मुदत बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावी. शीटसाठी फुलापानांच्या तयार पीएसडी चौकटींऐवजी ‘स्मार्टअल्बम्स’ किंवा ‘फंडी’सारखं सॉफ्टवेअर वापरलं तर फोटो ओढून टाकले की मांडणी लागते. ढगातून डोकावणारी नवरी आणि इंग्रजी सुविचार त्यात येत नाहीत, हा फायदा वेगळा.

आपल्याकडचं नेहमीचं शीट १२ बाय ३६ इंचांचं. इंचाला ३०० बिंदू धरले तर ते ३६०० बाय १०,८०० बिंदूंचं होतं. २४ मेगापिक्सेलचा एक फोटो पूर्ण शीटभर पसरला तर इंचाला जेमतेम १६६ बिंदू मिळतात. त्यामुळे घाबरून फोटो मोठे करणारी सॉफ्टवेअर चालवत बसायची गरज नाही. मांडीवर अल्बम ठेवून पाहणाऱ्याला एवढे पुरतात. लॅबला फाइल एसआरजीबीमध्येच द्यावी. आणि पडद्याची चमक उतरवावी. पूर्ण चमकीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर जो फोटो छान उजळ दिसतो तो छापून आला की काळवंडलेला असतो. कॅलिब्रेटर लावून चमक १०० ते १२० कँडेलावर आणली की हा प्रश्न मिटतो. अल्बम पुन्हा छापावा लागणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा उशीर. लॅबचे पैसे जातात आणि त्या आठवड्यातली दुसरी लग्नंही मागे पडतात.

राहिला रांगेचा क्रम. जो जास्त फोन करतो त्याचा अल्बम आधी, हा अलिखित नियम बहुतेक स्टुडिओत चालतो, आणि न बोलणारी पार्टी मागे पडत जाते. पहिलं लग्न पहिलं, असाच क्रम ठेवावा. त्याला अपवाद एकच. विवाह नोंदणीला लग्नपत्रिकेबरोबर लग्नाचा फोटोही लागतो, आणि नवरा-नवरीपैकी एकजण परदेशात असेल तर जोडीदाराच्या व्हिसासाठी विधींचे फोटो हाताशी लागतात. बुकिंगच्या वेळीच हे विचारून ठेवावं. मुहूर्त, मंगळसूत्र, सप्तपदी, दोन्ही घरच्या मंडळींसोबतचा एक असे दहा-बारा फोटो त्याच आठवड्यात काढून द्यावेत, दोन्हीकडचे चेहरे स्पष्ट दिसतील असे. त्यांचा अल्बम मग आपल्या क्रमानं झाला तरी त्यांची काही तक्रार नसते.